कपारीचं पाणी

दुकानात आलेल्या माणसाला काय फाटलंय हे नंतर विचारायचं. आधी विचारायचं, “शेवटचं पाणी कुठे प्यालात?” हा बाबांचा शिरस्ता होता. सॅक, तंबू आणि बूट दुरुस्त करायचं ते चिंचोळं दुकान एका चष्मेवाल्याच्या आणि एका किल्लीवाल्याच्या मध्ये अंग चोरून उभं होतं. डोंगरातून परतलेली माणसं तुटकं बकल, उसवलेला पट्टा, मधेच हटून बसलेली चेन घेऊन यायची आणि बाबा मशीनवरून मान वर न करता हा प्रश्न टाकायचे. उत्तर मिळालं की उठून मागच्या भिंतीवरच्या फळ्यावर खडूने लिहायचे. पाणवठ्याचं नाव, पाणी किती आणि कसं, तारीख. बस्स.

नियम दोनच होते. स्वतः प्यायलेलंच पाणी सांगायचं, ऐकीव नको. आणि दरवर्षी उन्हाळी मोसम लागायच्या आधी ओल्या फडक्याने फळा कोरा करायचा. त्यामुळे तारखेत फक्त दिवस आणि महिना असायचा, वर्ष लिहायची गरजच नव्हती. फळ्यावर जे आहे ते याच उन्हाळ्याचं, हे शहरातल्या प्रत्येक डोंगरवेड्याला ठाऊक होतं. “भरवशाचं पाणी कुठलं हो?” असं एखाद्या नवख्याने विचारलंच, तर बाबा म्हणायचे, “भरवशाच्या म्हशीला टोणगा. कोण प्यायलं आणि कधी प्यायलं, तेवढं विचारा.”

यंदा फळा कोरा झाला नव्हता.

मार्चच्या अखेरीला बाबांनी दुकानामागच्या खोलीत अंथरूण धरलं. “उद्या फळा पुसू,” ते रोज थोरलीला म्हणायचे. उद्या काही उजाडला नाही. मेच्या दोन तारखेला ते गेले. सगळं उरकल्यावर थोरलीने फडकं भिजवलं, पिळलं, फळ्यासमोर जाऊन उभी राहिली आणि तसंच परत खुंटीला टांगून आली. पुढे माणसं येऊ लागली, पाणी सांगू लागली. मग ज्या पाणवठ्याची खबर येईल तेवढी एक ओळ ती बोटाने पुसायची आणि त्या जागी स्वतःच्या अक्षरात नवी लिहायची. फळ्यावर पाच वाटांचे पाच रकाने होते. चार रकान्यांतलं बाबांचं अक्षर असं ओळीओळीने संपत गेलं. पाचवा रकाना उघड्या धारेच्या वाटेचा. ऐन उन्हाळ्यात त्या वाटेला सहसा कोणी जात नसे. तिथल्या चार ओळी राहिल्या. त्यातली तिसरी होती: कपार. भरपूर, थंड. १९ एप्रिल.

रोज सकाळी मशीनमध्ये दोरा ओवताना तिची नजर त्या ओळींवर जायची. त्या वाटेवरून अजून कोणी आलं नाही, याचं तिला बरं वाटायचं. का बरं वाटतं, हे तिने स्वतःला विचारलं नव्हतं.

जूनमधल्या एका रविवारी तिचा धाकटा भाऊ आणि भावजय आले. धाकटा दुसऱ्या शहरात एका रुग्णालयात एक्स-रे काढायचा. फेब्रुवारीत लागलेली नोकरी. भावजय शाळेत गणित शिकवायची. सुट्टी घेऊन दोघं बाबांच्या आवडत्या वाटेने पाच दिवस चालणार होते, बुधवारी निघून. थोरलीने कापणीच्या लांब टेबलावर नकाशा पसरला आणि चार कोपऱ्यांवर कात्री, हातोडी, मेणाचा गोळा आणि बकलांचा डबा ठेवला.

“बाबांनी ही वाट तिसाव्या वर्षी केली होती ना?” धाकटा म्हणाला. “मी एकतिसाव्या वर्षी करतोय. एवढा उशीर चालतो आपल्या घराण्यात.”

“तू जन्मलासच दोन आठवडे उशिरा, ठोंब्या. आई म्हणायची, याला बाहेर यायला निमंत्रणपत्रिका हवी होती.”

“आणि अजून हवी असते,” भावजय म्हणाली. “रोज सकाळी मी तीन वेळा देते.”

तिने वही उघडून पट्टीने रकाने आखले. पहिला दिवस नदीकाठाचा, पाण्याची ददात नाही. दुसरा चढाचा, मुक्काम मेंढपाळाच्या विहिरीवर. चौथा आणि पाचवा रानातले, पावलोपावली ओढे. राहिला तिसरा. विहिरीपासून रानाच्या तोंडाशी असलेल्या वनखात्याच्या चौकीपर्यंत उघडी धार, बावीस किलोमीटर. ना झाड, ना आडोसा. तेराव्या किलोमीटरवर खडकात एक उभी फट, तिच्या तळाशी झरा. तीच कपार.

“उन्हात चालताना तासाला पाऊण लिटर धरू,” भावजय म्हणाली. “नऊ तास चाल. म्हणजे माणशी जवळजवळ सात लिटर. सात लिटर म्हणजे सात किलो, शिवाय तंबू, शिधा, अंथरूण. माझा गुडघा तिथेच राजीनामा देईल. पण कपार धरली, तर विहिरीवरून तीन लिटर घेऊन निघायचं, कपारीला पुन्हा तीन भरायचं. निम्मं ओझं.”

“एका टाकीला दोन नळ आहेत,” धाकटा नाकात बोलत म्हणाला, “एक भरतो, एक रिकामी करतो. तर गुरुजींची बायको किती वाजता माहेरी जाईल?”

“हसा. उत्तर माझ्याच वहीत बघायला लागेल.”

मोरीतला नळ मधूनच खोकला. शहरात एक दिवसाआड पाणी येत होतं. गेल्या वर्षी पावसाळा जवळजवळ कोरडाच गेला होता, यंदाचा अजून लागला नव्हता, आणि मेमध्येच लोकांनी बादल्या झाकून ठेवायला सुरुवात केली होती. थोरली उठून नळ बंद करून आली. परत आली तेव्हा धाकटा टेबलाशी नव्हता. तो फळ्यासमोर उभा होता.

“ताई,” तो म्हणाला. “हे बाबांचं अक्षर.”

“हो.”

“एकोणीस एप्रिल.” त्याने बोटांवर मोजलं. “म्हणजे जायच्या आधी तेरा दिवस. तेरा दिवस आधी ते इथे उभे राहून लिहीत होते?”

तिने नकाशावरची कात्री उचलून परत जागेवर ठेवली.

“तू फोनवर सांगायचीस, बरे आहेत, दुकानात येऊन बसतात. मला वाटायचं, तू माझी समजूत काढतेस. नंतर तर खात्रीच झाली होती माझी. म्हटलं, नक्कीच पडून असणार, आणि मी तिकडे लोकांच्या बरगड्यांचे फोटो काढत बसलो होतो.” त्याने ओळीच्या खाली, खडू पुसणार नाही अशा बेताने बोट टेकवलं. “पण खरंच बसत होते गं. अक्षर बघ. जरासुद्धा कापलेलं नाही.”

त्याने खांद्याला नाक पुसलं. लहानपणी रडू दाबताना तो हेच करायचा. भावजय उठून त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

हे गेल्या वर्षीचं आहे. एवढं चार शब्दांचं वाक्य थोरलीच्या ओठांपर्यंत आलं होतं. पण त्या चार शब्दांच्या मागे दुसरी बरीच वाक्यं रांग लावून उभी होती. एप्रिलभर बाबा दुकानात आलेच नव्हते. पेला धरला तर पाणी गळ्यावर सांडायचं. “त्याची नोकरी कच्ची आहे, सहा महिने होऊ देत, त्याला सांगू नकोस,” असं बाबा म्हणाले होते, हे खरं. पण शेवटच्या रविवारी त्यांचा श्वास बिघडला, तेव्हा भर दुपारी तिने फोन हातात घेतला होता आणि खाली ठेवला होता. तेव्हा बाबा काही म्हणाले नव्हते. ते तिचं तिने ठरवलं होतं. आज उतार पडेल, उद्या पडेल, उगाच कशाला त्याला धावायला लावा. त्या दिवशी कळवलं असतं, तर तो पाच दिवस बाबांजवळ बसला असता. आला तो तीन तारखेला, झाकलेल्या चेहऱ्याशी.

“ताई,” भावजयने विचारलं, “कपार कधी आटते का हो?”

“मला कळायला लागल्यापासून आटलेली ऐकली नाही,” थोरली म्हणाली.

हे अगदी खरं होतं. खोटं बोलायला फार अक्कल लागत नाही. एखादी खरी गोष्ट भलत्या जागी ठेवून दिली की भागतं.

“तरी पाणी जास्त घ्या,” ती लगेच म्हणाली. “गेला पावसाळा कोरडाच होता.”

“अगं, बाबांनी ‘भरपूर’ लिहिलंय! हा शब्द त्यांनी जन्मात कितीदा वापरला? माझ्या मार्कांना तर कधीच नाही.” धाकट्याच्या आवाजात इतक्या दिवसांनी हलकेपणा आला होता. “त्यांनी शेवटची लिहिलेली जागा आहे ती. तिथे मी पाणी पिणार आणि मगच पुढे जाणार. मला दुसरं काही नकोय या प्रवासातून.”

भावजयने वहीत तिसऱ्या रकान्यात लिहिलं: कपार, नक्की.

मग सॅक वजनाच्या काट्याला टांगल्या. दुकानाचा जुना आकड्याचा काटा, छताच्या कडीला लटकणारा. धाकट्याची सॅक सतरा किलो भरली, भावजयची चौदा. धाकट्याने बायकोच्या सॅकमधून जादा पाण्यासाठी ठेवलेल्या दोन मोठ्या रिकाम्या बाटल्या उपसल्या आणि गल्ल्यावर उभ्या केल्या. “या राहू देत. भरायच्या नाहीत तर मिरवायच्या कशाला?” थोरलीने त्या उचलून परत आत कोंबल्या. त्याने परत काढल्या. “ताई, तू आता बाबांसारखी करायला लागलीस.”

भावजय हसली. थोरलीने पट्टे आवळून दिले, खांद्याचे टाके नखाने तपासले, कमरेचं बकल तीनदा लावून काढून पाहिलं. हाताला येतं तेवढं सगळं तिने चोख केलं.

बुधवारी ते निघाले. त्या दिवशी तिच्या हातून एका बुटाचा तळ उलटा चिकटला. वीस वर्षांत पहिल्यांदा. किल्लीवाला चहा प्यायला डोकावला आणि गल्ल्यावरच्या बाटल्या पाहून म्हणाला, “कोण विसरलं?” “कोणी नाही,” ती म्हणाली. तो गेल्यावरही तिने त्या तिथून हलवल्या नाहीत.

संध्याकाळी धाकट्याचा निरोप आला: नदीकाठ संपला. उद्यापासून रेंज नाही. बायको माझ्यापेक्षा भरभर चालते, घराण्याची अब्रू गेली.

तिने लिहिलं: कपारीवर विसंबू नका. सात सात लिटर घ्या. आणि मग त्या अक्षरांकडे पाहत बसली. तो विचारणार, का? आणि त्या ‘का’चं उत्तर एका ओळीत मावणारं नव्हतं. तिने सगळं खोडलं आणि लिहिलं: जपून.

अंगठा वर केलेलं चित्र लगेच आलं. त्यानंतर फोन गप्प झाला.

गुरुवार असाच गेला. ती स्वतःला सांगत होती की खडकातला झरा आहे, खडकातले झरे वरवरच्या पावसावर अवलंबून नसतात, हे बाबाच सांगायचे. बाबा असं कधी म्हणाले होते, हे तिला आठवेना. पाठोपाठ आठवलं ते म्हशीचं आणि टोणग्याचं. तिने मशीनचा वेग वाढवला.

शुक्रवारी दुकान उघडून तास झाला असेल. एक पन्नाशीची बाई आत आली, नाकाची सालं निघालेली, ओठ फुटलेले. सॅकचा कमरपट्टा मुळापासून उसवला होता. थोरलीने सवयीने विचारलं, “शेवटचं पाणी कुठे प्यालात?”

“मेंढपाळाच्या विहिरीवर,” बाई म्हणाली. “जाताना आणि येताना, दोन्ही वेळा. उघड्या धारेने गेलो होतो, माझी बहीण आणि मी. निम्म्यावरून परत फिरलो.”

थोरलीच्या हातातली सुई थांबली. “कपारीपासून?”

“कपार कसली हो, भेग म्हणा. तळाला चिखल, एवढा, ताटाएवढा. त्याच्यावर मधमाश्या बसलेल्या, काळाभोर थर. तेवढीच ओल. बहीण म्हणाली, माश्या आहेत म्हणजे खाली पाणी असेल, उकरू या. मी म्हटलं, उकरायला लागलो तर आपल्यालाच पुरावं लागेल. आमच्याकडे राखून ठेवलेलं पाणी होतं म्हणून विहिरीपर्यंत पोचलो. बहिणीला दोन दिवस सलाईन लावलं, म्हणून यायला उशीर झाला.” बोलता बोलता तिने मान वळवून फळा वाचला, एकेक रकाना करत. पाचव्यावर थांबली. “भरपूर, थंड? हे कोण प्यायलं?”

थोरलीने घड्याळाकडे पाहिलं. साडेदहा. पहाटे पाचला विहीर सोडली असेल, तर दोघं एव्हाना अकराव्या-बाराव्या किलोमीटरवर असणार, बाटल्या तळाला गेलेल्या, आणि समोर कपार दिसू लागल्यामुळे उरलेले घोट मोकळ्या मनाने घेत असणार.

चौकीचा नंबर बाबांच्या हाताने फोनशेजारी चिकटवलेला होता. चार वेळा वाजल्यावर उचलला.

“उघड्या धारेवर दोन माणसं आहेत,” ती म्हणाली. “माझा भाऊ आणि त्याची बायको. कपारीला पाणी आहे असं धरून निघालेत.”

“कपार?” पलीकडचा चौकीवाला म्हणाला. “ती मेच्या पहिल्याच आठवड्यात गेली, बाई. किती पाणी आहे त्यांच्याजवळ?”

“विहिरीवरून तीन तीन लिटर.”

“आज इथे सावलीत बेचाळीस आहे,” तो म्हणाला. “दोन माणसं पाठवतो. इकडून चढ आहे, चार तास लागतील. त्यांना कोणी सांगितलं कपारीला पाणी आहे म्हणून? आमच्याकडे कोणी विचारलं नाही.”

“मी सांगितलं.”

“तुम्ही प्यायला होतात?”

“नाही.”

चौकीवाल्याने फोन ठेवला. थोरलीने बाईला नुसतं “आज नाही जमणार” म्हटलं, शटर ओढलं आणि गाडी काढली. पाण्याचे तीन कॅन मागच्या सीटवर होते. वळणांवर ते एकमेकांवर आपटत होते, आणि तो डुचमळण्याचा आवाज तिला तीन तास ऐकावा लागला. रस्ता चढू लागला तशी बाजूची शेतं मागे पडली, मग झुडपं. एका पुलाखाली नदी असायला हवी होती, तिथे पांढरे गोटे होते.

चौकी म्हणजे पत्र्याच्या छपराच्या दोन खोल्या. बाहेर व्हरांड्यात बाकडं, आत टेबलावर वायरलेस. चौकीवाला साठीकडे झुकलेला, चष्म्याची काडी तारेने बांधलेला. त्याने तिच्याकडे, मग कॅनकडे पाहिलं. “हे इथे नको होतं, बाई. इथे ओढा आहे.” मग आवाज खाली आणून म्हणाला, “बसा. पोचायला हवीत माझी माणसं आता.”

ती बसली नाही. व्हरांड्यातून धार दिसत होती. उन्हात ती हलत असल्यासारखी वाटत होती. तिथे दोन माणसं कुठे असतील, हे इथून हात लांब करून दाखवता आलं असतं, इतकं सगळं उघडं होतं. आणि काहीच दिसत नव्हतं.

“माणूस शहाणा आहे का तुमचा?” चौकीवाल्याने विचारलं. “नाही, म्हणजे, पाणी नाही दिसल्यावर काय करेल? शहाणा असला तर तिथे क्षणभरही थांबणार नाही. उरलेल्या घोटांवर हळूहळू इकडे निघेल. नऊ किलोमीटर आहे, वाईट आहे, पण येता येतं. नाहीतर खडकाच्या सावलीला स्वस्थ पडून राहील. तेही चालतं. हातपाय हलवत बसला तर मात्र कठीण.”

“शहाणा आहे,” थोरली म्हणाली. मग तिला आठवलं, तिथे मी पाणी पिणार आणि मगच पुढे जाणार.

सव्वातीनला वायरलेस खरखरला. चौकीवाल्याने आवाज वाढवला.

“सापडले. कपारीतच आहेत दोघं. ओव्हर.”

“कसे आहेत? ओव्हर.”

“बाई पडून आहेत. ओकल्यात. अंग तापलंय, घाम नाही. डोळे उघडतात, नाव सांगत नाहीत. थोडं थोडं पाणी देतोय, कपडे भिजवलेत. झोळी करून उचलायला लागेल. ओव्हर.”

“आणि तो? ओव्हर.”

उत्तरामागून एक आवाज येत होता, धातू दगडावर घासल्यासारखा. ठरावीक, न थांबणारा.

“तो उकरतोय. भांड्याच्या झाकणाने. हात फुटलेत त्याचे. मधमाश्या चावल्यात, एक डोळा बंद झालाय. आमचं पाणी घेत नाही, बायकोला द्या म्हणतो. मला इथलं लागणारच आहे म्हणतो. ओव्हर.”

“ओढून बाहेर काढा त्याला. ओव्हर.”

“ओढला. परत आत शिरला. झटापट करतोय. आम्ही दोघंच आहोत, एक झोळी उचलायची का याला धरायचं? हा चालला नाही तर बाईंनाही हलवता येणार नाही. आणि तो म्हणतो, माझ्या बापाने लिहिलंय. जायच्या आधी स्वतःच्या हाताने लिहिलंय, तो खोटं लिहिणार नाही, जरा खाली असेल. आम्ही सांगतोय, आटलंय बाबा, दीड महिना झाला. ऐकत नाही. तिकडे कोणी आहे का त्याचं? ओव्हर.”

चौकीवाल्याने थोरलीकडे पाहिलं. त्याने हातातला माईक तिच्यापुढे धरला. “हे बटण दाबून बोलायचं,” तो म्हणाला. “मी त्याला सांगतो, यंत्र त्याच्या कानाशी धरायला.”

माईक तिला वाटला त्यापेक्षा जड होता. सॅकचे पट्टे ओढून बोटांना पडलेले घट्टे त्याच्या कडेवर नेमके बसले. तिने बटण दाबलं.

“ठोंब्या,” ती म्हणाली. “मी ताई. उकरू नकोस. तिथे पाणी नाही.”

तिने बटण सोडलं. घासण्याचा आवाज चालूच होता. मग त्याचा आवाज आला, ओळखू न येणारा, जीभ सुजलेल्या माणसाचा.

“आहे. बाबांनी... भरपूर लिहिलंय. तू वाचलंस ना? एकोणीस... मला थोडंच... थोडंच राहिलंय.”

चौकीवाला खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. ऐकू येऊ नये एवढी जागा त्या खोलीत नव्हती, पण त्याने पाठ तरी फिरवली.

थोरलीने परत बटण दाबलं.

“ते गेल्या वर्षीचं आहे,” ती म्हणाली. “फळा मी पुसलाच नाही या वर्षी. बाबांनी यंदा एक अक्षरही लिहिलेलं नाही. नीट ऐक. ते एप्रिलभर दुकानात आले नव्हते. अंथरुणात होते, मार्चपासून. पेला धरवत नव्हता त्यांना. मी तुला फोनवर खोटं सांगत होते. आधी त्यांनी सांगितलं म्हणून, आणि नंतर माझं मी. शेवटच्या रविवारी मला कळलं होतं की आता फार दिवस नाहीत. मी फोन उचलला आणि ठेवून दिला. तू आला असतास तर भेटले असते. बोलत होते तेव्हा. तुझं नाव घेत होते. हे सगळं मी केलंय, बाबांनी नाही. त्यांनी काही लिहिलं नाही. तिथे तुझ्यासाठी त्यांनी काहीही ठेवलेलं नाही. बाहेर ये. तिला उचल. तुला मला जे म्हणायचंय ते इथे येऊन म्हण.”

ती बोलायची थांबली. खोलीत काहीच आवाज नव्हता. बाहेर पत्रा तापून टकटक वाजत होता. ती वाट पाहत उभी राहिली. तिला वाटलं, तो ऐकून गप्प झाला असेल. किंवा त्याने ऐकलंच नसेल. किंवा ऐकायला कोणी उरलं नसेल.

“बाई,” चौकीवाला हळूच म्हणाला, “बटण सोडा. तुम्ही दाबून धरलंय तोवर तिकडचं काही ऐकू येणार नाही.”

तिने अंगठ्याकडे पाहिलं. तो पांढरा पडला होता. आणखी थोडा वेळ तो तिने तसाच ठेवला. मग उचलला.

आधी नुसती खरखर आली. खरखरीमागे झाकण घासल्याचा आवाज आता नव्हता. तिने आवाजाचं बटण शेवटापर्यंत फिरवलं आणि टेबलावर वाकून त्या जाळीपाशी कान नेला. तिकडे कोणीतरी श्वास घेत होतं. एकाचा होता की दोघांचा, ते तिला कळत नव्हतं.